पिवळीची जीभ

तुळसाबाईंनी त्या वस्तूचं बारसं पहिल्याच दिवशी करून टाकलं. त्यांच्या मुलाने, विवेकने, मोबाइलवर फोटो दाखवला. शर्यतीच्या एका गाडीच्या बंपरखालून एक चपटी काळी फळी पुढे आली होती. तो पाहून तुळसाबाई म्हणाल्या, "अगं माय, हे त गाडीनं जीभ काढली!" रचनाने सासूला 'स्प्लिटर' हा शब्द दोनदा समजावून सांगितला, विवेकने तिसऱ्यांदा. काही उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून घरात ती जीभच.

गाडीचं नाव पिवळी. पंचवीस वर्षांची, छोटी, पाहणाऱ्याला हसू येईल अशा रंगाची. तीन वर्षांपूर्वी विवेकने ती एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली, मागची सीट, रेडिओ, पायातल्या चटया सगळं उपटून टाकलं आणि तिला हौशी लोकांच्या शर्यतीत उतरवलं. शर्यत म्हणजे फार काही डोळे दिपवणारं नव्हतं. नागपूरच्या पलीकडे एक जुनी धावपट्टी आहे, तिथे आता विमानं येत नाहीत. तिच्यावर नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. ज्याचा वेळ कमी तो पुढे. सव्वीस गाड्यांत पिवळी एकदा चौदावी आली, एकदा सोळावी, आणि एकदा चार शंकू उडवून शेवटून दुसरी.

चालवायचा विवेक. बाकी सगळं रचना.

हे 'बाकी सगळं' जरा सांगितलं पाहिजे, कारण विवेक ते कधी सांगत नसे. रचनाने पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेला. वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये ती मशिनरीची सुपरवायझर होती, आणि एखादा ब्लोअर कण्हायला लागला की मालक आधी तिला फोन लावत, मग देवाचं नाव घेत. पिवळीचं इंजिन उघडलं तिने, ब्रेक बदलले तिने. टायरमध्ये हवा किती हवी, हे वहीत लिहून ठरवायची ती. विवेकचं बालाघाटला मोटार पार्टचं दुकान. माणूस दिलदार, गप्पिष्ट आणि वजनाने पूर्ण शहाण्णव किलो. सुटा भाग तो डोळे मिटून ओळखायचा, पण तो बसवायची वेळ आली की त्याला नेमका कोणाचा तरी फोन यायचा.

आणि रचनाला गाडी चालवायची होती. उगाच नाही, शर्यतीत. घड्याळ लावून, हेल्मेट घालून, तिच्या नावावर. घरामागच्या मैदानात पिवळीची चाचणी तीच घ्यायची, दुसऱ्या गिअरमध्ये वळणं मारताना तिला किती मजा यायची ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. शर्यतीचा नियम होता, एका गाडीला एकच चालक. पहिल्या वेळी विवेक म्हणाला, "या वेळी मी पाहून घेतो, पुढच्या वेळी तू." रचना म्हणाली, "हौ, राहू द्या." दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी त्याने विचारलंही नाही, आणि तिने तरीही मनातल्या मनात 'राहू द्या' म्हणून घेतलं. आता चौथी शर्यत आली होती. फॉर्म मोबाइलवर उघडा पडला होता आणि चालकाच्या नावाचा रकाना रिकामा होता. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत तो भरायचा होता. पुढच्या रविवारी शर्यत.

तर जीभ कशासाठी? पिवळी सरळ रस्त्यावर गुणी, पण वेगात वळण आलं की तिचं नाक बाहेरच जायचं. स्टिअरिंग कितीही फिरवा, पुढची चाकं घसरत सरळ निघायची. रचनाला कारण माहीत होतं. मिलमध्ये दिवसभर वाऱ्याशीच तर गाठ. तांदूळ खाली पडतो आणि कोंडा उडतो, तो वाऱ्याला कुठे वाट दिली आणि कुठे अडवला यावरच. पिवळीच्या नाकाखाली वारा शिरत होता आणि तिला उचलत होता. पुढे एक फळी लावली तर वारा दुभागेल, वरचा फळीला दाबून धरेल, खालचा चिंचोळ्या फटीतून पळेल आणि नाक खाली ओढेल. तिने हे विवेकला दोन ताटल्या घेऊन जेवणाच्या टेबलावर समजावलं. विवेक म्हणाला, "एकदम पटलं," आणि दुसऱ्या दिवशी ऑनलाइन एक चकचकीत काळी पट्टी मागवून मोकळा झाला.

पट्टी सुंदर होती, यात वाद नाही. तिच्यावर कार्बन फायबरसारखी जाळी छापलेली होती. रचनाने ती हातात घेतली, दोन बोटांनी वाकवली, आणि ती पोळीसारखी वाकली.

"हे वारा दाबल्यावर काय करन?" तिने विचारलं.

"अगं, दिसायले त पाह्य किती भारी दिसते!"

"दिसायले लावून राह्यलो का आपण?"

विवेकने तरीही ती बंपरला आठ स्क्रूंनी ठोकली आणि ऐटीत गाडी बाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे तो नगरपालिकेने कोणत्या रागात बांधला कोण जाणे. पट्टी तिथेच दोन तुकडे होऊन राहिली. विवेक तुकडे उचलून आला तेव्हा रचनाला इतकं हसू आलं की तिने तोंडावर पदर धरला, आणि तिच्या अंगावर तर सलवार-कमीज होता. ओढणीच पदरासारखी कोंबली बिचारीने.

मग निवड तिच्याकडे आली. मिलमध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा होता, पण पत्रा एकदा वाकला की वाकलेलाच राहतो, आणि वेगात थरथरतो. खरा कार्बन फायबर मागवावा, तर तो येईपर्यंत शर्यत होऊन जाईल. तिने वही उघडून रात्रीच्या भाजीच्या यादीखाली लिहिलं: बारा मिलिमीटरचा प्लाय, बोटीत वापरतात तो. हलका, ताठ, पाण्याने फुगत नाही. आपटला तर फुटेल, फुटला तर दुसरा कापता येईल. आणि मुख्य म्हणजे लाकूड कापणारा माणूस घरातला होता.

चैतराम, म्हणजे विवेकचे वडील, तुळसाबाईंसह लालबर्ऱ्याजवळच्या गावात राहत. जातिवंत सुतार, आणि एके काळी त्या पट्ट्यात पटाच्या छकड्या बनवणारा त्यांच्या तोडीचा दुसरा नव्हता. पट म्हणजे बैलांची शर्यत. छकडी म्हणजे तिला जुंपायची हलकी, दोन चाकांची गाडी. हंगाम आला की भंडाऱ्यापासून लोक त्यांच्या अंगणात येऊन बसत. आता वय झालं होतं, अंगणातल्या छकड्या कमी झाल्या होत्या, पण हात तसाच होता. सून त्यांना मामाजी म्हणायची. मामाजी बोलायचे कमी आणि ऐकायचे त्याहून कमी, असं तुळसाबाईंचं मत.

शनिवारी रचनाने रजा टाकली आणि सकाळीच पिवळी घेऊन गावी गेली. विवेक दुकान आटोपून तीन वाजेपर्यंत बसने येणार होता. अंगणात गाडी लावली तेव्हा चैतराम हातात प्लायचा तुकडा घेऊन त्याच्या थरांचा वास घेत होते.

"काय करायचं ते सांग बाई," ते म्हणाले.

रचनाने खडूने जमिनीवर आकार काढला. बंपरच्या रेषेबरोबर वळणारी पुढची कड, बंपरपासून चार बोटं पुढे, आणि मागे थेट इंजिनखालच्या लोखंडी आडव्या पट्टीपर्यंत. चैतराम उकिडवे बसून पाहत राहिले.

"म्हंजे बंपरले नाही धरायचं."

"नाही मामाजी. बंपर पिलास्टिकचा हाये. वजन फ्रेमवर यायले पाह्यजे."

"हौ. छकडीच्या धुरीचं वजन सांगाड्यावर, फळीवर नाही," असं म्हणून ते उठले. रचनाचा जीव भांड्यात पडला. विवेकला नुसता वारा समजवायला तिने दोन ताटल्या खर्ची घातल्या होत्या.

थोड्या वेळाने करवत थांबवून त्यांनी विचारलं, "समोर एवढं दाबलं त मागून उलाळ नाही होणार?"

रचना चमकली. मागे भार जास्त झाला की बैलगाडी मागे कलते आणि जू वर उचललं जातं, त्याला उलाळ म्हणतात, हे तिला माहीत होतं. इथे ते उलट बाजूचा, मागचं टोक उचललं जाण्याचा उलाळ विचारत होते, आणि हाच प्रश्न तिने वहीत तीन पानं भरून सोडवला होता. नाक फार दाबलं तर वेगात मागची चाकं हलकी पडतात आणि गाडी शेपटाकडून फिरते. म्हणूनच तर तिने जीभ लांब न काढता चार बोटांवर थांबवली होती. म्हाताऱ्याने ते न मोजता विचारलं होतं.

"म्हणूनच लहान ठेवली मामाजी."

"मंग ठीक."

दुपारी शेजारचा प्रेमलाल आला. त्याचं ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वर्कशॉप होतं. मागच्या बाजूला त्याने फ्रेमला दोन लोखंडी कान वेल्ड करून दिले, आणि पुढे जीभ टांगून धरायला दोन सळया बनवल्या, दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असलेल्या. सळई फिरवली की लांबी कमी-जास्त होते, म्हणजे जीभ वरखाली करता येते. प्रेमलालला हे काम इतकं आवडलं की त्याने आपल्या ट्रॉलीलाही जीभ लावायची इच्छा बोलून दाखवली. "धानाच्या पोत्यावर वारा दाबून धरन," तो म्हणाला. रचनाने त्याला नाही म्हणायचं टाळलं.

जीभ बसली. चैतरामांनी कडांना दोन हात वॉर्निश मारलेलं होतं, मागच्या कानांत नटबोल्ट आवळले होते. मग त्यांनी चपला काढल्या आणि सरळ जिभेवर चढून उभे राहिले. रचनाने डोळे गच्च मिटले. काही मोडलं नाही. नाक जरासं दबलं, आणि मामाजी वर उभे राहून गावाकडे पाहू लागले.

"आता उंची," ते उतरून म्हणाले. "बस आत."

"मी?"

"मंग कोण? हाकणारा धुरकरी बसल्याशिवाय छकडीचा आस ठोकत नसते. तो बसला, हातात कासरा धरला, का मंग चाक पुढं का मागं ते ठरते. एकाची छकडी दुसऱ्याले होत नाही."

रचना बसली. विवेक अजून आला नव्हता, तेव्हा तिला वाटलं, जो हाताशी आहे त्याला बसवतायत. शर्यतीचा नियम तिने त्यांना सांगितला होताच: चालक आत बसलेला असताना सत्तर मिलिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा गाडीखालून न अडकता गेला पाहिजे. चैतरामांनी तसाच ठोकळा रंधून घेतला होता. ते जमिनीवर आडवे झाले, सळया फिरवल्या, ठोकळा सरकवला, पुन्हा फिरवल्या. "जरा सरळ बस. हात चाकावर ठेव. पाय बिरेकवर." अर्धा तास हे चाललं. रचनाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि समोर तुळसाबाईंची वाळत घातलेली लुगडी होती, पण तिला समोर धावपट्टी दिसत होती. ते सुख तिने मुकाट्याने घेतलं. शेवटी ठोकळा सर्रकन आरपार गेला, वर फक्त एका नखाची फट.

"जमलं," मामाजी म्हणाले. "यापेक्षा खाली नाही, यापेक्षा वर कामाचं नाही."

साडेतीनला विवेक आला. येताना समोसे आणले होते. जीभ पाहून त्याने शिट्टी मारली, चारी बाजूंनी फोटो काढले, बापाच्या पाठीवर थाप मारली आणि दार उघडून आत बसला. पिवळी त्याच्याकडे कलली.

"बाबा, ठोकळा टाका!"

चैतरामांनी ठोकळा सरकवला. तो जिभेच्या उजव्या कोपऱ्याखाली अडकला. त्यांनी पुन्हा सरकवला, पुन्हा अडकला. ते गुडघ्यावर बसले आणि मुलाकडे पाहू लागले.

"तू काहून बसला?"

"काहून म्हंजे? मीच त चालवतो."

तुळसाबाई समोशाची चटणी वाटीत काढत होत्या, त्यांचा हात थांबला.

"तू चालवतो?" चैतराम म्हणाले. "मंग सूनबाई काय करते तिथं?"

"ती... टायर पाह्यते. हवा, तेल, सगळं. टाइम लिहिते."

"गाडी खोलते ते. जोडते ते. मैदानात फिरवून पाह्यते ते. अन् पळवतो तू?" म्हाताऱ्याला खरंच काही समजत नव्हतं. त्यांच्या पटात ज्याने बैलांना वर्षभर चारलं, धुतलं, पळवलं, तोच धुरेवर बसे. दुसरं कोणी बसेल हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. विवेक तर नेहमी 'आम्ही चौदावे आलो' असंच सांगायचा. मोबाइलवर दाखवलेल्या व्हिडिओत चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असायचं. "तीन साल झाले, मी साऱ्या गावाले सांगून राह्यलो का माही सून गाडी पळवते. दादाजी पटेलाले सांगतलं. बिरसाच्या सोयऱ्याले फोनवर सांगतलं."

"अन् मले काही बोलले नाही!" तुळसाबाई म्हणाल्या. "मी सांगतलं असतं ना."

"तुले बोलाले लागते का?"

विवेक आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की एकटाच हसतोय. रचना गाडीच्या शेजारी उभी होती आणि तिचे कान तापले होते. साऱ्या गावात तीन वर्षं ती शर्यत चालवत होती. फक्त तिलाच माहीत नव्हतं.

चैतरामांना आता आपल्या चुकीची लाज वाटायला लागली. त्यांनी पाना उचलला. "ठीक हाये. चूक माही झाली. बोटभर वर घेतो, दहा मिनिटाचं काम हाये. सळई फिरवली का झालं."

"हौ बाबा, घ्या वर," विवेक म्हणाला. तो सुटल्यासारखा दिसत होता.

चैतराम आडवे झाले. पाना नटाला लावला. आणि मग खालूनच त्यांनी विचारलं, "बाई, घेऊ ना वर?"

जीभ वर घेतली तर वारा खालून शिरेल, नाक पुन्हा थोडं हलकं होईल, एवढंच. पिवळी तरीही चालली असती, विवेकने चालवली असती, आणि ती वही घेऊन उभी राहिली असती. रचनाच्या ओठांवर नेहमीचे दोन शब्द आलेही. पण खाली आडवा झालेला म्हातारा उत्तराची वाट पाहत होता. इतकं सरळ तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"नका फिरवू," ती म्हणाली.

"काय?" विवेकने गाडीतूनच विचारलं.

"जीभ तिथंच राहू दे. माह्या बसण्यानं ठोकळा जाते. मी चालवतो."

मुलींनी 'चालवतो' म्हणायचं नसतं हे तिला शाळेत शिकवलं होतं, पण घाईत तिच्या आईचीच बोली तोंडात आली. कोणी दुरुस्त करायला गेलं नाही.

विवेक म्हणाला, मी आठ दिवस उपास करतो. मग म्हणाला, मैदान वेगळं आणि शर्यत वेगळी, तिथं माणूस गडबडतो. मग म्हणाला, तुला अनुभव नाही. या शेवटच्या वाक्यावर रचनाला असा राग आला की तिचा आवाजच स्थिर झाला.

"अनुभव कुठून येईन? दोन वेळा तुमी म्हटलं पुढच्या वेळी, दोन वेळा मी हौ म्हटलं, तिसऱ्या वेळी तुमी विचारलंबी नाही. या वेळी नाही म्हणून राह्यली."

विवेक गाडीतून उतरला. पिवळी हलकेच वर आली. तो हातपंपाकडे गेला, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. त्याला वाईट वाटलं होतं हे त्याच्या पाठीवरूनही दिसत होतं, आणि रचनालाही वाईट वाटलं. पण शब्द मागे घ्यावेत इतकं नाही. तुळसाबाईंनी चटणीची वाटी पाटावर आपटून ठेवली आणि कोणाच्या बाजूने ते सांगितलं नाही. प्रेमलाल आपलं वेल्डिंगचं सामान फारच सावकाश गोळा करत होता.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी विवेक मोबाइल घेऊन तिच्याजवळ आला. फॉर्म उघडलेला होता. त्याने तिचं नाव टाकलं, लायसन्सचा नंबर तिच्याकडून घेतला, आणि मग थबकला.

"ब्लड ग्रुप?"

"बी पॉझिटिव्ह."

"लग्नाले सहा साल झाले," तो म्हणाला, "अन् मले हे माहीत नाही." त्याने तेही टाकलं, बटण दाबलं, आणि एक थंडगार समोसा उचलला.

आठ दिवस कसे गेले ते विचारू नका. रचना मिलवरून येऊन रोज संध्याकाळी मैदानात पिवळी फिरवायची आणि विवेक मोबाइलवर वेळ लावायचा. दोन दिवस तो गाल फुगवून लावत होता, तिसऱ्या दिवसापासून ओरडून लावायला लागला. चांगलं चालवलं की चांगलं म्हणायचा, ही एक खोड त्याच्यात जन्मजात होती.

रविवारी धावपट्टीवर तपासनीस ठोकळा घेऊन आला, थेट विवेककडे गेला आणि म्हणाला, "बैठिए सर."

"मैं नहीं," विवेक म्हणाला. "ये बैठेंगी."

तपासनीसाने रचनाकडे पाहिलं, जिभेकडे पाहिलं, वाकून लाकडावर टिचकी मारली. "किसने बनाया?" त्याने विचारलं. रचना म्हणाली, सासऱ्यांनी. ठोकळा सर्रकन आरपार गेला.

पहिल्या फेरीत ती घाबरली होती. हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्याच वळणाला तिने ब्रेक इतका लवकर दाबला की मागून कोणी असता तर त्याने हॉर्न वाजवला असता. पण तिसरं वळण मोठं आणि वेगाचं होतं, तिथे विवेक दर वेळी बाहेर घसरायचा. तिथे तिने स्टिअरिंग वळवलं, आणि पिवळी वळली. नाक जमिनीला धरून, जिथे पाहिलं तिथे. रचना हेल्मेटच्या आत मोठ्याने "अगं माय!" म्हणाली. वेळ आला एक मिनिट बारा पूर्णांक चार. विवेकचा सगळ्यात चांगला वेळ एक अकरा पूर्णांक नऊ होता.

विवेक खिडकीशी आला. "नोज मस्त धरून राह्यली," तो म्हणाला. "तूच लवकर बिरेक मारून राह्यली."

"हौ."

"तिसऱ्या वळणाले मी एवढा वेग कधीच नेला नाही." हे सांगताना त्याला थोडा त्रास झाला, पण त्याने सांगितलं.

दुसऱ्या फेरीत तिने ब्रेक उशिरा मारले. एका ठिकाणी शेपूट जरासं सुटलं, तिने सावरलं. तिसऱ्या वळणात तर तिने गॅस सोडलाच नाही. पांढऱ्या रेषेच्या पलीकडे गाडी थांबली तेव्हा कर्ण्यावर आकडा पुकारला गेला: एक दहा पूर्णांक आठ. विवेक दोन्ही हात वर करून पळत आला, शहाण्णव किलो घेऊन, आणि त्याने खिडकीवर थापा मारल्या. तिने काच खाली केली. हेल्मेट काढलं नाही.

"अगं बोल ना! खुश नाही का?"

"खुश हाये," ती म्हणाली. "अन् राग येऊन राह्यला."

"माह्यावर?"

"अर्धा तुमच्यावर."

"अन् अर्धा?"

रचनाने हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते, आणि डोळ्यांत पाणी होतं ते तिने पुसलं नाही. "माह्यावर. हे मागायले मले तीन साल लागले. तुमी नाही म्हणाल म्हणून मी कधी मागतलंच नाही. अन् तुमी त फॉर्म भरून देल्ला."

विवेकने तिच्या हातातून हेल्मेट घेतलं. पुढची गाडी सुटल्याचा आवाज त्यांच्यामागून गेला आणि विरून गेला.

"होळीनंतर अजून एक शर्यत हाये," मग तो म्हणाला. "नाव कोणाचं टाकायचं?"

त्यालाही चालवायची होती. ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि सहा वर्षांत रचनाला ते तोंड वाचता येत होतं.

"माहं," ती म्हणाली, आणि पाण्याची बाटली मागितली.